पियानोच्या परीक्षेला उपज का नको?

मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात पियानो शिकणाऱ्या मुलाचं वर्ष बहुतेक वेळा परीक्षेच्या वेळापत्रकावर चालतं. लंडनच्या एबीआरएसएम मंडळाची प्रॅक्टिकल परीक्षा १५० गुणांची असते. तीन रचनांना प्रत्येकी ३०, स्केल्स (स्वरांची चढती-उतरती मालिका) आणि आर्पेजिओंना (एकत्र वाजणारे स्वर सुटे करून वाजवणं) २१, साइट रीडिंगला (आधी न पाहिलेलं लिखाण बघून वाजवणं) २१, कानाच्या चाचणीला १८. १०० मिळाले की पास, १३० ला डिस्टिंक्शन. २०२० साली आलेल्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये तर स्केल्स आणि साइट रीडिंगही गेलं. तिथे चार रचना आणि एकूण सादरीकरण, पाचांना प्रत्येकी ३० गुण. दोन्हीकडे स्वतःच्या मनानं चार बार (तालाचे चार कप्पे) वाजवून दाखवायला एकही गुण नाही. मग आठवी ग्रेड डिस्टिंक्शननं पार केलेला मुलगाही समोरचं पुस्तक मिटलं की थांबतो, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पाश्चात्त्य संगीत लिहिलेलं असतं आणि आपलं संगीत उपजेचं, म्हणजे त्या क्षणी सुचेल तसं घडवण्याचं असतं, अशी वाटणी आपण मनात करून टाकली आहे.

इतिहास या वाटणीला आधार देत नाही. पियानोला सव्वातीनशे वर्षं झाली. त्यातली पहिली दीडशे वर्षं चांगला पियानोवादक म्हणजे लिहिलेलं वाजवणारा, न लिहिलेलंही वाजवणारा आणि बहुधा स्वतः रचना करणारा, असंच मानलं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही कामं वेगळी झाली आणि त्यातलं एकच तेवढं क्लासात उरलं. ते का घडलं हे कळतं, आणि ते दुरुस्तही करता येतं. परीक्षा मंडळांनी आणि शिक्षकांनी उत्स्फूर्त वादन पियानोच्या मुख्य अभ्यासक्रमात परत आणावं, असं मला ठामपणे वाटतं.

बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास हातोडीनं तार वाजवणारं वाद्य केलं. बोटाच्या जोरावर आवाज लहान-मोठा करता येणारं असं मोठ्या आवाजाचं पट्ट्यांचं तारवाद्य तोवर नव्हतं. बाखसारख्या वादकाचा या वाद्याशी जो सर्वांत प्रसिद्ध प्रसंग जोडला गेला, तो उत्स्फूर्त वादनाचाच आहे. १७४७ साली पॉट्सडॅमला प्रशियाचा राजा फ्रेडरिक यानं योहान सेबास्टियन बाखला एक अवघड विषय दिला आणि बाखनं राजाच्या झिल्बरमान पियानोवर जागच्या जागी त्यावर तीन आवाजांची फ्यूग (एकच विषय एकामागून एक उचलणाऱ्या स्वतंत्र सुरावटींची रचना) वाजवली. आज आपल्याला माहीत असलेली ‘म्युझिकल ऑफरिंग’ ही लिखित रचना त्यानंतर घरी बसून झालेली आहे. त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यानं वादनाच्या ग्रंथाचा दुसरा भाग १७६२ मध्ये काढला. त्याचं शेवटचं प्रकरण मुक्त फँटसीवर, म्हणजे ठरलेल्या साच्याशिवाय सुचेल तसं वाजवण्यावर आहे. तिथे त्यानं आधी नुसता बासचा (सर्वांत खालच्या सुरावटीचा) सांगाडा, वरचे स्वर सुचवणाऱ्या आकड्यांसह दिला आणि मग त्याच सांगाड्यावर वाजवलेली पूर्ण फँटसी छापली. शिकणाऱ्यानं दोन्ही शेजारी ठेवून काय काय भरलं ते बघावं, अशी ती योजना होती. शिकवण्याची इतकी स्वच्छ पद्धत आजच्या क्लासच्या पुस्तकांत मला क्वचितच दिसते.

मोझार्टच्या बाबतीत पुरावा त्याच्या हस्तलिखितातच आहे. १७८८ सालचा त्याचा डी मेजरमधला कन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबत एका वादकाची रचना (मोझार्टच्या रचनांच्या यादीत के. ५३७, ज्याला ‘कॉरोनेशन’ म्हणतात) घ्या. पियानोच्या डाव्या हाताच्या ओळी लांबच्या लांब कोऱ्या आहेत. पियानो पहिल्यांदा प्रवेश करतो तिथे डावा हात लिहिलेला नाही, आणि दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये (रचनेच्या दुसऱ्या भागात) तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नाही. वाजवणारा तो स्वतःच होता, त्यामुळे लिहायची गरज पडली नाही. मोझार्टच्या मृत्यूनंतर, १७९४ मध्ये, प्रकाशकानं हा कन्चेर्टो छापला तेव्हा त्या रिकाम्या जागा दुसऱ्या कुणीतरी भरल्या. आज जगभरचे विद्यार्थी त्या भरलेल्या ओळी मोझार्टच्या म्हणून अक्षर न अक्षर पाळतात.

डी मायनर कन्चेर्टोची (के. ४६६, १७८५) गोष्ट याच जातीची. त्याच्या कॅडेंझा, म्हणजे वादकानं एकट्यानं वाजवायचे भाग, मोझार्टनं लिहून ठेवलेल्या सापडत नाहीत. ऑर्केस्ट्रा थांबतो, बासमध्ये ए, वर डी आणि एफ असा लोंबकळता कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) राहतो, आणि तिथून पुढे वादकानं स्वतःचं वाजवायचं. बीथोव्हननं या जागेसाठी स्वतःची कॅडेंझा लिहिली आणि आज बहुतेक वादक तीच पाठ करून वाजवतात. ती उत्तमच आहे. पण बीथोव्हननं त्या जागी स्वतःचं वाजवलं, हेही त्याच्यापासून शिकण्यासारखं होतं.

रचणं आणि वाजवणं यांना जोडणारी कडी तुटायला सुरुवात झाली तीही बीथोव्हनपाशीच, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात त्याची कोरल फँटसी (पियानो, गायकवृंद आणि ऑर्केस्ट्राची रचना) पहिल्यांदा झाली, तेव्हा सुरुवातीचा पियानोचा एकट्याचा भाग त्यानं तिथल्या तिथे सुचेल तसा वाजवला. आज छापील आहे तो त्यानं नंतर लिहिला. त्यानंतर लगेचच आलेल्या पाचव्या कन्चेर्टोत पहिल्या मूव्हमेंटच्या शेवटी, नेमकी कॅडेंझाची जागा येते तिथे, त्यानं इटालियनमध्ये सूचना घातली की इथे कॅडेंझा करू नये, सरळ पुढचं घ्यावं. पुढचं म्हणजे त्यानं स्वतः लिहिलेलं. बहिरेपणामुळे हा कन्चेर्टो तो लोकांपुढे वाजवू शकला नाही. १८११ मध्ये लाइपझिगला फ्रीडरिख श्नायडरनं आणि १८१२ मध्ये व्हिएन्नात कार्ल चेर्नीनं तो वाजवला. रचणारा आणि वाजवणारा वेगळे झाले की रचणाऱ्याला कागदावर जास्त लिहावं लागतं, आणि वाजवणाऱ्याला कागदाबाहेर जायची मुभा कमी होत जाते.

हा चेर्नी आपल्याकडच्या प्रत्येक पियानोच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतो, पण अर्धाच. ऑपस (रचनाक्रमांक) ५९९ आणि ऑपस २९९ या त्याच्या बोटांच्या अभ्यासाच्या वह्या घरोघरी आहेत. ऑपस २०० कुणी उघडत नाही. १८२९ सालच्या या पुस्तकाचा विषयच मुळी पियानोवर उत्स्फूर्त वादन कसं शिकावं हा आहे. मुख्य रचनेआधी वाजवायचे छोटे आणि मोठे प्रिल्यूड, एका विषयावरची फँटसी, अनेक विषयांवरची फँटसी, व्हेरिएशन्स (एकाच सुरावटीची बदललेली रूपं), फ्यूगची शैली, असे प्रकार त्यानं क्रमानं, नमुन्यांसह मांडले आहेत. छोट्या प्रिल्यूडचा उपयोग तो अगदी व्यवहारी सांगतो: बोटं गरम होतात, अनोळखी पियानोच्या पट्ट्या कशा चालतात ते कळतं, आणि ऐकणाऱ्याचा कान पुढच्या रचनेच्या स्केलला लागतो. बोटांची वही आणि उपजेची वही एकाच शिक्षकानं, एकाच विद्यार्थ्यासाठी लिहिली होती. आपण त्यातली एक उचलली.

एकच का उचलली गेली, याचं पहिलं कारण बाजार. एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गाच्या घरात पियानो आला आणि छापील संगीताचा मोठा धंदा उभा राहिला. घरी वाजवणाऱ्याला तयार वस्तू हवी होती. दुसरं कारण मैफिलीचं रूप बदललं हे. पियानोवादक लिस्टनं जून १८४० मध्ये लंडनला आपल्या कार्यक्रमाला ‘रिसायटल्स’ हे नाव दिलं, आणि एका वादकानं ठरलेल्या रचनांचा कार्यक्रम करायचा ही प्रथा हळूहळू रुळली. लिस्ट स्वतः मात्र श्रोत्यांकडून चिठ्ठ्यांवर विषय मागवून त्यावर वाजवत असे. पियानोवादक क्लारा शूमान रचनांच्या आधी स्वतःचे प्रिल्यूड वाजवी. १८९५ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मुलींच्या आग्रहावरून तिनं त्यातले काही लिहून ठेवले. लिहून ठेवावे लागले, यावरूनच पुढची पिढी ते आपणहून करत नव्हती हे दिसतं. विसाव्या शतकात व्हिल्हेल्म बाकहाउससारखे थोडे वादक रचनेआधी चार-दोन कॉर्डची उजळणी करत राहिले, आणि त्यांच्या थेट मैफिलींच्या ध्वनिमुद्रणांत ती ऐकू येते.

वाद्याचाही वाटा आहे, पण तो बेतानंच सांगायला हवा. मोझार्टचा वॉल्टर पियानो पाच सप्तकांचा, ६१ पट्ट्यांचा. हातोड्यांवर चामडं, पट्टी हलकी आणि फार खोल न जाणारी. १८२१ मध्ये एरारनं पट्टी पूर्ण वर न येता पुन्हा वाजेल अशी यंत्रणा पेटंट केली, पुढे हातोड्यांवर नमदा आला, ओतीव लोखंडी चौकट आली, १८५९ मध्ये स्टाइनवेनं ग्रँड पियानोत तारा एकमेकींवरून तिरप्या नेल्या, आणि शतक संपता संपता ८८ पट्ट्या ठरून गेल्या. आजच्या कॉन्सर्ट ग्रँडचं वजन पाचशे किलोच्या घरात जातं आणि चौकटीवर तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास असतो. अशा वाद्यावर मोठं सभागृह भरायचं तर मनगट आणि बोटं तयार करण्यात तास जातात. १८७३ मधली हॅनॉनची साठ एक्सरसाइजेस या काळाचीच. तरी वाद्य जड झालं म्हणून उपज संपली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तेच वाद्य जॅझच्या वादकांच्या हाती गेलं आणि तिथे ती भरभरून वाढली.

खरा घाव घातला तो शिक्षणाच्या रचनेनं. अठराव्या शतकात नेपल्सच्या चार कॉन्झर्वातोरींमध्ये मुलं पार्तिमेंतो शिकत. म्हणजे एकच बासची ओळ समोर, आणि वरचं सगळं हातानं पट्ट्यांवर घडवायचं. हार्मनी (कॉर्डची जोडणी), काउंटरपॉइंट (सुरावटींची गुंफण), रचना आणि वादन हे चारही विषय त्या एका ओळीत यायचे. एकोणिसाव्या शतकातल्या संस्थांनी हे विषय वेगवेगळ्या खोल्यांत नेले. हार्मनी कागदावर सोडवायची, पियानो दुसऱ्या खोलीत दुसऱ्या शिक्षकाकडे. १८८९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी आणि रॉयल कॉलेजनं मिळून परीक्षा मंडळ काढलं, तेव्हा ही फाळणी पक्की झालेली होती, आणि तीच थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं या रूपानं आपल्यापर्यंत पोचली. पाचव्या ग्रेडच्या थिअरीचा पेपर सोडवलेला मुलगा कॅडन्स (वाक्य संपवणारे कॉर्ड) ओळखतो, पण तोच कॅडन्स एफ मेजरमध्ये हातानं वाजवून दाखव म्हटलं की अडतो.

दुरुस्ती इथूनच करायची. क्लासातल्या ४५ मिनिटांपैकी पहिली दहा पुरतात. सुरुवात अठराव्या शतकातल्या ‘रूल ऑफ द ऑक्टेव्ह’नं करावी. डाव्या हातात सी मेजर स्केल एकेक स्वर चढायचं, उजव्या हातानं प्रत्येक स्वरावर ठरलेला कॉर्ड द्यायचा. सी वर ई-जी-सी. डी वर एफ-जी-बी. ई वर जी-सी. एफ वर ए-सी-डी. जी वर बी-डी-जी. ए वर सी-एफ. बी वर डी-एफ-जी. आणि पुन्हा सी. उतरताना तीन जागा बदलतात: बी वर डी-जी, ए वर सी-डी आणि एफ शार्प, एफ वर जी-बी-डी. बाकीच्या चढतानासारख्याच. चढताना आणि उतरताना एकाच स्वराला वेगळी वागणूक मिळते, हे आरोह-अवरोह जाणणाऱ्या आपल्या मुलांना चटकन पटतं.

चूक जवळपास हमखास होते ती एफ वरून जी वर जाताना. डावा हात वर सरकतो म्हणून मूल उजवा हातही तसाच वर सरकवतं. एफ-सी हे पंचमाचं अंतर उचलून जी-डी वर ठेवलं जातं, दोन आवाज एकमेकांना चिकटून चालतात आणि आवाज अचानक पोकळ होतो. समांतर पंचम टाळा हा थिअरीच्या पुस्तकातला नियम असा कानाला लागतो. इलाज सोपा आहे. उजव्या हातात सी-डी-ए अशी मांडणी घ्यायची, मग सी खाली बी वर, डी जागेवर, ए खाली जी वर. बास वर जातो, उजवा हात खाली येतो. आधी ही एकच हालचाल दहा वेळा, फार सावकाश करून घ्यावी. स्केल पूर्ण वाजवण्याची घाई केली की हात पुन्हा सरकतो. सी झालं की जी, एफ, डी, मग ए मायनर. सहा महिन्यांत पाच-सहा स्केल्स हाताखाली येणं हे वाजवी उद्दिष्ट आहे.

पुढची पायरी प्रिल्यूडची. मुलाची परीक्षेची रचना जी मेजरमध्ये असेल, तर ती सुरू करण्याआधी जी मेजरमध्येच अर्धा मिनिट वाजवायचं: बासमध्ये जी पासून खाली डी पर्यंत, वर त्याच नियमाचे कॉर्ड, पण आता फोडून, आर्पेजिओसारखे. शेवटी डी वर थांबून जी वर उतरायचं. मग कॅडेंझा. सी मेजरमध्ये बासला जी, वर सी आणि ई, तिथे थांबा. रचनेतला एखादा तुकडा घेऊन तो दोन-तीन जागी फिरवा, आणि शेवटी जी-बी-एफ वर उजव्या हातानं डी वर ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची भराभर अदलाबदल) घेऊन सी वर या. इथे होणारी चूक अशी की मूल मधेच बासमध्ये सी घेऊन विसावतं. मग अडवून धरलेला ताण तिथेच सुटतो आणि शेवटची ट्रिल उगाच जोडल्यासारखी वाटते. बास सी वर घट्ट बसू द्यायचा नाही आणि दुसऱ्या स्केलमध्येही ठाण मांडायचं नाही, इतकं सांभाळलं तर चौथ्या ग्रेडचा विद्यार्थीही आठ बारांची ऐकण्यासारखी कॅडेंझा करू शकतो.

याला एक गंभीर आक्षेप आहे. बीथोव्हनचे शेवटचे सोनाटा, शोपाँची बॅलड्स, ब्राम्स, देब्युसी हे सगळं लिहिण्याच्या संस्कृतीतूनच आलं. तिथे एकेका स्वराला कारण आहे, आणि विद्यार्थ्यानं त्यात आपलं घालणं म्हणजे नासधूस. मला हे पूर्ण मान्य आहे. ऑपस १११ मध्ये, म्हणजे बीथोव्हनच्या शेवटच्या पियानो सोनाटात, कुणी भर घालावी असं मी म्हणत नाही. पण ज्या हाताला कॉर्ड कुठून येतो आणि कुठे जाऊ पाहतो हे माहीत आहे, तो हात लिहिलेलंही जास्त जबाबदारीनं वाजवतो. पाठांतराचा प्रश्नही इथेच सुटतो. फक्त बोटांच्या सवयीवर पाठ केलेली रचना एका चुकलेल्या स्वरानं कोसळते आणि मूल पुन्हा पहिल्या बारवर जातं. बास आणि कॉर्ड ठाऊक असलेलं मूल दोन बार सांभाळून नेतं आणि पुढच्या वाक्यात नीट शिरतं.

दुसरा आक्षेप परीक्षकांचा: उत्स्फूर्त वादनाला गुण कसे द्यायचे? सेझार फ्रांक १८७२ पासून पॅरिस कॉन्झर्वात्वारमध्ये ऑर्गन शिकवत होता. त्याच्या काळी ऑर्गनच्या परीक्षेचे चार भाग असत: प्लेनचांटला (चर्चमधल्या जुन्या एकपदरी गायनाला) साथ, दिलेल्या विषयावर जागच्या जागी फ्यूग, दिलेल्या विषयावर मुक्त रचना, आणि एक पाठ केलेली रचना. चारांपैकी तीन भाग उत्स्फूर्त. फ्रान्सच्या ऑर्गनवादकांत ही परंपरा आजही जिवंत आहे, आणि परीक्षेनं ती मारली तर नाहीच, उलट टिकवून धरली. पियानोच्या बाजूला रॉबर्ट लेव्हिन मोझार्टचे कन्चेर्टो वाजवताना कॅडेंझा तिथल्या तिथे रचतो, त्याची ध्वनिमुद्रणं आहेत. नियम स्पष्ट असले की गुण देता येतात: बास शेवटपर्यंत शाबूत राहिला का, विषय ओळखू आला का, कॅडन्स नीट झाला का, लय तुटली का.

आपल्याकडे तर या कामाला अनुकूल जमीन आहे. ज्या घरात पियानोचा क्लास लावला जातो, त्याच घरात किंवा शेजारी पेटी असते, आणि पेटीवाला गायकाच्या मागोमाग, कागद न बघता, दोन तास साथ करतो. पट्ट्यांवर सुचेल तसं वाजवणं आपल्या मुलांनी पाहिलेलं असतं. पेटीच्या साथीत हार्मनी नसते, हे खरं, म्हणून ते कौशल्य जसंच्या तसं पियानोवर येत नाही. बास आणि आवाजांची चाल वेगळी शिकावीच लागते. पण चुकण्याची भीती त्या मुलांच्या मनात आधीपासून नसते. ती क्लासात घातली जाते, पुस्तकावर पेन्सिलीनं गोल करून.

मंडळांकडे मागणी करायची तर ती नेमकी असावी. एबीआरएसएमनं जॅझ पियानोसाठी वेगळा अभ्यासक्रम काढून उत्स्फूर्त वादन तिकडे ठेवलं. अभिजात पियानोच्या १५० गुणांत त्याला साइट रीडिंगइतके २१ गुण मिळावेत, निदान ऐच्छिक तरी. ट्रिनिटी या दुसऱ्या परीक्षा मंडळाच्या परीक्षेत १०० पैकी प्रत्येकी १० गुणांच्या सहायक चाचण्यांत उत्स्फूर्त वादनाचा पर्याय आजच उपलब्ध आहे. लय, सुरावट किंवा कॉर्डची मालिका दिली जाते आणि त्यावर वाजवायचं असतं. हा पर्याय निवडायला मंडळाची परवानगी लागत नाही. शिक्षकानं फॉर्म भरायच्या आधी सहा महिने तयारी सुरू करायला हवी, आणि फॉर्मवर सवयीनं दुसऱ्या चाचणीवर केली जाणारी खूण या वेळी या रकान्यात करायला हवी.